तू रजा घेतली नाहीस

गिरिजा,

काल तुझी आई अक्कलकोटला परत गेली. स्टँडवर एसटीत बसवताना तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "सिद्राम, तूबी चल की चार दिवस. एकटा काय करणार हितं?" मी म्हटलं, "दुकान आहे." ती माझ्याकडे बघतच राहिली. तेव्हा मला कळलं, हे वाक्य माझं नव्हतं. तुझं होतं. तू फक्त दुकानाच्या जागी ड्यूटी म्हणायचीस.

घरी आलो. इतके दिवस घरात माणसं होती. कुणी पाणी तापवत होतं, कुणी रडत होतं, कुणी चहाला साखर संपली म्हणून शेजारी धावत होतं. काल संध्याकाळी कुणी नव्हतं. वहाणा काढताना ध्यानात आलं की आईला सोडलं तर दिवसभरात मी एकाच माणसाशी बोललो होतो, आणि तो कंडक्टर होता. त्याला म्हटलं होतं, म्हातारीला खिडकीजवळ बसवा. बस्स.

म्हणून आता तुझ्याशी बोलतोय. तू ऐकत असशील असं मला वाटत नाही. पण तू होतीस तेव्हाही दिवसभर तू दुसऱ्यांचंच ऐकत असायचीस आणि मी मशीनवर बसून मनातल्या मनात तुला काहीबाही सांगत असायचो. सवय जुनीच आहे.

लग्न झालं तेव्हा लोक मला म्हणायचे, सिद्रामची बायको फोनवाली आहे. टेलिफोन एक्स्चेंजमधली ट्रंक ऑपरेटर. सोलापुरातनं कुणाला हुबळीला, विजापूरला, पुण्याला बोलायचं तर आधी तुम्हा बायकांपैकी कुणाचा तरी आवाज कानावर पडायचा. कानावर हेडफोन, तोंडापुढं बोलायचं नळकांडं, समोर भोकांच्या ओळीच ओळी आणि हातात वायर. ह्या भोकातून काढायची, त्या भोकात घालायची. तू चौथ्या बोर्डावर. मराठी माणूस आला की मराठी, अक्कलकोटकडचा आला की कानडी, इथल्या गिरण्यांकडचा आला की मोडकंतोडकं तेलुगू. आणि घरी आलीस की अगदी गप्प. पहिल्या वर्षी मला वाटायचं, ही माझ्यावर रागावली की काय. एकदा विचारलं तर म्हणालीस, "रागावले न्हाई हो. बोलून बोलून तोंड दुखायलंय. तुम्ही बोला, मी ऐकते." तेव्हापासून बोलायचं काम माझ्याकडं. दुकानात कोण आलं, कुणाची पँट आखूड झाली, कोणत्या नवरदेवानं कोट परत केला, सगळं सांगायचो. तू भाकरी थापत हुं हुं करायचीस. आपल्याला मूल झालं नाही. त्यावरही बोलून झालं होतं, आणि मग एकदाचं ते बोलणंही आपण थांबवलं होतं.

दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या वर्षी तुझ्या छातीत गाठ निघाली.

ऑपरेशन इथंच झालं. उजवी बाजू काढली. पट्ट्या सुटल्या त्या दिवशी तू मला खोलीबाहेर जायला सांगितलंस आणि मी गेलो. घरी आल्यावरही कितीतरी दिवस तू पाठमोरी होऊन कपडे बदलायचीस. मग एका सकाळी तू दुकानात आलीस. घरात नाही, दुकानात. बाकावर बसलीस, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलीस आणि म्हणालीस, "माझं माप घ्या."

मी शर्ट-पँटचा टेलर. अर्ध्या सोलापूरच्या गड्यांची मापं माझ्याकडं, पण तुझे ब्लाउज गल्लीतल्या सरूबाईकडं शिवायचे.

"सरूबाई शिवतेय की," मी म्हटलं.

"सरूबाईपुढं मी पदर काढणार न्हाई. तुमच्यापुढं काढते. दार लावा."

मी दार लावलं. टेप हातात घेतला. तू समोर सरळ उभी होतीस, शाळेत प्रार्थनेला पोरी उभ्या राहतात तशी. मी माप घेतलं. एका बाजूला काही मापायचं नव्हतं तरी टेप तिथूनही नेला. त्या जागी आत सावरीचा कापूस भरला, वरून जुन्या धोतराचं मऊ अस्तर लावलं, कारण ऑपरेशननंतर मिरजेच्या दवाखान्यात विजेचा शेक घेऊन घेऊन तिथली कातडी काळी पडली होती आणि साधं कापड टोचायचं. पहिला ब्लाउज घालून तू आरशासमोर उभी राहिलीस. बाजूनं बघितलंस, वळून बघितलंस.

"डावीपेक्षा ही चांगली झालीय," म्हणालीस.

आणि आपण दोघं त्या बंद दुकानात इतकं हसलो, की बाहेर कुणीतरी दार ठोकून विचारलं, "सिद्राम, सगळं बरं आहे न्हवं?"

गिरिजा, त्या हसण्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली.

तू परत कामाला गेलीस. तुझा उजवा हात सुजायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, असं होतं, ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या की हातात पाणी धरतं. संध्याकाळी घरी यायचीस तेव्हा बाही दंडात रुतलेली असायची. मी बाहीला आधीच भरपूर माया सोडून ठेवली होती, आत दुमडून. महिन्या-दोन महिन्यांनी एक टीप उसवायची, थोडी माया बाहेर काढायची, पुन्हा शिवायची. तुला वायर डाव्या हातानं लावायची सवय करावी लागली. वरच्या ओळीपर्यंत हात पोचायचा नाही, तेव्हा शेजारच्या तिसऱ्या बोर्डावरची राजम्मा काही न विचारता उठून तुझी वायर वर लावायची. पद्मशाली घरातली ती पोर, तुझ्याहून केवढी लहान. एकदा तिला मी विचारलं, "तुला त्रास होत नाही?" तर म्हणाली, "अण्णा, अक्कांची वरची ओळ माझीच आहे आता."

आणीबाणी आली तेव्हा तुमच्या ऑफिसात पाटी लागली होती, कमी बोला, जास्त काम करा. तू घरी येऊन सांगितलंस, "आमचं कामच बोलायचं. आता काय करायचं?" देशमुखबाई, तुमच्या सुपरवायझर, किती कडक बाई, पण त्यासुद्धा त्या पाटीकडं बघून तोंडाला पदर लावून हसल्या म्हणे. तेवढ्यावर तू दोन दिवस खूश होतीस.

मग पाठ दुखायला लागली. आधी आपण खुर्चीला दोष दिला. मी खुर्चीला टेकायला उशी शिवून दिली. मग गादीला दोष दिला. शेवटी मिरजेला गेलो. डॉक्टरांनी तुला बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं.

येताना एसटीत तू खिडकीशी होतीस. सांगोला सोडलं तरी तू काही विचारलं नाहीस. मंगळवेढ्याच्या अलीकडं दोन्ही बाजूला शाळू उभा होता, कणसं भरायला लागली होती, वारं त्याच्यावरून चाललं होतं. तिकडं बघत बघत तू म्हणालीस, "काय म्हणाले डॉक्टर तुम्हाला आत?"

"पुन्हा शेक द्यायचा म्हणाले. पाठीला. आणि इंजेक्शनं."

"ते मलाबी म्हणाले. दुसरं काय म्हणाले?"

मी हातातल्या तिकिटाची घडी घालायला लागलो.

"अहो, मी दिवसभर लोकांचं ऐकते. माणूस काय बोलत न्हाई तेबी मला ऐकू येतं. सांगा."

"मणक्यात उतरलाय म्हणाले. बरं होणार नाही म्हणाले."

"किती दिवस?"

"ते कुणाला सांगता येतंय? वर्ष निघालं तर निघालं."

तू पदर सारखा केलास. बस मंगळवेढ्याच्या स्टँडवर थांबली. तू उतरून चहा घेऊ म्हणालीस. कपबशी डाव्या हातात धरून उभ्याउभ्या चहा प्यालीस आणि म्हणालीस, "सोमवारी ड्यूटीला जाते मग."

मी म्हटलं, "गिरिजा, आता कशाला?"

"आता कशाला म्हणजे? आता न्हाई तर कधी?"

तिथून सोलापूर येईपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. तूही नाही. पण माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस. रागावलेल्या माणसाच्या खांद्यावर इतकं बिनघोर कुणी झोपतं का?

त्यानंतरचं वर्ष मी असं काढलं. शनिवारी तुला इंजेक्शन. रविवार सगळा बादलीपाशी. मी तुझं कपाळ धरायचो. पोटात काही ठरायचं नाही, ज्वारीच्या कण्या शिजवून त्यात ताक घालून दिलं तर तेवढं राहायचं, म्हणून मी कण्या शिकलो. भाकरी मात्र मला जमली नाही. माझ्या भाकरीकडं बघून तू म्हणायचीस, "ही खायची का हिला बाही लावायची?" सोमवारी सकाळी मी तुझी वेणी घालायचो. केस गळायला लागले तेव्हा बाजारातनं गंगावन आणलं आणि तुझ्या उरल्यासुरल्या केसांत गुंफायला शिकलो. मग दस्तगीरचा टांगा दाराशी. पूर्वी मी तुला सायकलच्या कॅरिअरवर बसवून सोडायचो, पण आता पाठीला धक्का सोसायचा नाही. टांग्याच्या पाठीला मी जाड गादी शिवून दिली होती. दस्तगीर घोडा चालवायचा म्हणजे चालवायचाच, पळवायचा नाही.

"भाबी, आज कैसा है जी?" तो दररोज विचारायचा.

"अच्छा है, दस्तगीरभाई."

दुसरं उत्तर तू त्याला कधी दिलं नाहीस.

एक्स्चेंजच्या जिन्यापाशी मी तुला उतरवायचो. वर जायला तू माझा हात धरायची नाहीस, कठड्याला धरायचीस. वरच्या पायरीवर पोचलीस की मागं न बघता आत जायचीस. मी खाली उभा. आतून तुमचा सगळ्यांचा गलका ऐकू यायचा, विजापूर, विजापूर, हॅलो गुलबर्गा, लाइन बिझी आहे साहेब. त्यात तुझा आवाज वेगळा काढायला मला जमायचं नाही. मला तेवढ्यासाठी राजम्माचा हेवा वाटायचा. आणि फोन लावणाऱ्या सगळ्या सोलापूर जिल्ह्याचा.

दुपारी डबा घेऊन पुन्हा जायचो. देशमुखबाई एकदा जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "मी त्यांना चौकशीच्या टेबलावर बसवते म्हटलं, तिथं हात उचलायला लागत नाही. ऐकत नाहीत. तुम्ही सांगा." मी तुला सांगितलं. तू म्हणालीस, "त्यांनाच सांगा, ज्या दिवशी माझा कॉल चुकंल त्या दिवशी उठवा." तुझा कॉल चुकला नाही.

आणि मग गड्ड्याच्या यात्रेचं भांडण. ते मी अजून सोडलेलं नाही, गिरिजा. तू गेलीस म्हणून भांडण मिटत नाही.

संक्रांतीचे दिवस. सिद्धेश्वरच्या काठ्या, ते उंच नंदीध्वज, मिरवणुकीनं निघणार. आपण लग्नानंतर दरसाल त्या बघायला गेलो होतो, दस्तगीरच्या ओळखीच्या एका दुकानाच्या पायरीवर जागा मिळायची. मी म्हटलं, ह्या वर्षी टांग्यातच बसून बघू, तुला उतरायलासुद्धा नको. तू म्हणालीस, त्या दिवशी माझी ड्यूटी आहे. मी म्हटलं, तुझी सुट्टी आहे, मला माहीत आहे. तू म्हणालीस, राजम्माच्या घरी पाहुणे आहेत, मी तिची ड्यूटी घेतलीय.

मी हातातली कात्री टेबलावर आपटली.

"तुझे किती दिवस उरलेत माहीत आहे का तुला?"

"तुमच्याइतकंच माहीत हाय."

"मग ते माझे आहेत. मला दे. त्या विजापूरच्या अन् गुलबर्ग्याच्या लोकांना काय देतीस? ते तुला ओळखत तरी आहेत का?"

"म्हणूनच जाते," तू म्हणालीस. "तिथं मला कुणी ओळखत न्हाई. हितं मी आजारी हाय. तुमच्या डोळ्यांत आजारी, शेजारणीच्या डोळ्यांत आजारी, आईच्या तर विचारूच नका. तिथं हेडफोन लावला की मी चौथा बोर्ड. कुणी विचारत न्हाई पाठ कशी हाय. म्हणतात, बाई, लवकर विजापूर द्या. रागावतात माझ्यावर! अहो, किती दिवसांत तुम्ही माझ्यावर रागावला न्हाईत, आज रागावलाव. बरं वाटायलंय मला."

"आणि मी? मी काय करायचं?"

तू कात्री उचलून बाजूला ठेवलीस. मग म्हणालीस, "मी घरी बसले तर तुम्ही माझ्याकडं बघत बसणार. तुमच्याकडं बघत मी. दोघंबी आधीच मरायचं."

मी एकटा काठ्या बघायला गेलो. नंदीध्वज आले, लोक हर बोलाचा गजर करायला लागले, माझ्या शेजारी एक बाई आपल्या नवऱ्याला काहीतरी दाखवत होती. मी अर्ध्यातून परत आलो. घरी कुणी नव्हतं. अशा रिकाम्या घराची मला तेव्हाच सवय व्हायला हवी होती, पण तशी होत नाही. संध्याकाळी तू आलीस आणि विचारलंस, "कशी झाली यात्रा?" मी म्हटलं, "चांगली झाली." तू माझा हात तुझ्या सुजलेल्या हातात घेऊन बसलीस. कणकेच्या गोळ्यासारखा तो हात, दाबला की खड्डा पडायचा. त्या वेळी मला बोलायचं होतं. मला म्हणायचं होतं, तुझं खरं आहे आणि तरी मला ते मान्य नाही. पण तू थकली होतीस.

उन्हं तापायला लागली तेव्हाची गोष्ट. मी तुला घ्यायला गेलो तर तू जिना उतरताना मधेच थांबलीस. पहिल्यांदा माझा हात मागितलास. टांग्यात बसलीस आणि म्हणालीस, "उद्या नको."

एवढंच. दस्तगीरनं लगाम हातात घेतला होता तो तसाच धरून ठेवला, मागं वळून बघितलं नाही. वर्षभर मी ह्या दोन शब्दांची वाट बघितली होती. आणि ते आले तेव्हा मला वाटलं, मागं घे. आत्ता मागं घे, मी तुला उद्या उचलून वर नेऊन बसवतो.

मग तू घरी होतीस. मला हवी होतीस तशी. मी दुकान बंद ठेवलं आणि कॉटशेजारी बसलो. आणि झालं तसंच, जसं तू म्हणाली होतीस. मी तुझ्याकडं बघत होतो, तू माझ्याकडं. दोन दिवसांत माझ्याकडच्या गोष्टी संपल्या, कारण दुकान बंद तर गोष्टी कुठून येणार? तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "काय बघायलाव असं?"

"काही नाही."

"मशीन घरी आणा."

"कशाला?"

"शिवा काहीतरी. लोकांचे कपडे अडलेत. तुम्ही काम करायला लागलाव की मला झोप लागती."

दस्तगीर आणि मी मिळून मशीन टांग्यात घालून आणलं, तुझ्या पायाशी खिडकीत लावलं. लग्नसराई जवळ आली होती, कामं खरंच अडली होती. मी शिवत बसायचो, तू डोळे मिटून पडायचीस. गिऱ्हाइकं घरीच यायला लागली, दारातूनच मापं देऊन जायची. मी पुन्हा तुला सांगायला लागलो, कुणाला कसली कॉलर हवीय, कोण बारीक झाला, कोण जाड झाला. तू हुं म्हणायचीस. गिरिजा, ते दिवस चांगले गेले. हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण चांगले गेले.

त्या दुपारी मी एका शर्टाची कॉलर लावत होतो. कॉलर लावताना बोलता येत नाही, नजर हलवून चालत नाही. टीप पुरी केली, दोरा तोडला, पाय थांबवला. मशीन थांबलं आणि खोलीत दुसरा कुठलाच आवाज नव्हता.

कधी गेलीस ते मला माहीत नाही. कॉलरच्या ह्या टोकाला होतीस की त्या टोकाला. आई म्हणाली, झोपेत गेली, भाग्याची. मी मान हलवली. पण मला अजून वाटतं, तू एकदा तरी हाक मारली असशील आणि मशीनच्या आवाजात मला ऐकू आली नसेल. आणि दुसऱ्या क्षणी वाटतं, नसशील मारली. मी काम करतोय हे ऐकत ऐकत तू गेलीस, आणि तुला तसंच हवं होतं. ह्यातलं कुठलं खरं, ते सांगणारं माणूस एकच होतं.

आपल्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तुला बसवून नेलं. फुलांनी सजवलेल्या त्या खुर्चीत तू ताठ बसली होतीस. राजम्मानं तुला बघितलं आणि ती भिंतीला धरून खाली बसली. एक्स्चेंजमधल्या सगळ्या बायका आल्या होत्या. मी त्यांचे चेहरे पहिल्यांदाच नीट बघितले. आवाज माझ्या ओळखीचे होते.

गेल्या आठवड्यात देशमुखबाई आणि राजम्मा घरी आल्या. चहा झाला. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "सिद्रामराव, एक विचारायचं होतं. फोन लावणारे लोक विचारतात हो. चौथ्या बोर्डावरच्या बाई कुठं आहेत म्हणून. रोजचे व्यापारी, हॉस्पिटलातली माणसं. आम्ही सांगतो, रजेवर आहेत. चुकतं का आमचं?"

मी म्हटलं, "रजेवर आहे असं सांगू नका. तिनं रजा कधी घेतलीच नाही."

हे मी काय बोललो ते माझं मलाच नंतर कळलं. मी तुझी बाजू घेतली होती, गिरिजा. जिच्याशी वर्षभर भांडलो तिची. तू ऐकायला हवं होतंस.

राजम्मा रडायला लागली. "अण्णा, आमच्या तोंडातून ते निघत न्हाई," म्हणाली. "तुम्ही म्हणता तसं सांगायला बघते. पण निघत न्हाई."

आज सकाळी दुकान उघडलं. मशीन परत जागेवर नेलं. दुपारी शेजारच्या औषधाच्या दुकानातून हाक आली, "सिद्राम, तुझा फोन आहे." मला आजवर कुणी फोन केला नव्हता. गेलो, कानाला लावला. राजम्मा होती.

"अण्णा, रागावू नका. दुधनीचे एक सावकार आहेत, पेंडीचा व्यापार करतात. बरीच वर्षं अक्कांकडूनच विजापूर लावून घ्यायचे. आज हटूनच बसलेत. रजा संपली का, संपली का. माझ्यानं सांगणं होत न्हाई. तुम्ही बोला. लाइन देते." आणि मी काही म्हणायच्या आत लाइन दिली.

"हॅलो," पलीकडून म्हातारा आवाज आला. "कोण बोलायलंय?"

"मी सिद्राम. गिरिजाचा नवरा."

"गिरिजा नाव व्हय त्यांचं? आमाला नाव ठाऊक न्हाई. आमी आपलं अक्का म्हणायचो. कुटं हायत अक्का?"

"ती गेली," मी म्हटलं.

हे शब्द मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. ज्यांना कळवायचं त्यांना शेजाऱ्यांनी कळवलं, जे आले ते कळूनच आले. माझ्या तोंडातून ते पहिल्यांदाच निघत होते, आणि म्हाताऱ्याला ते समजले नाहीत.

"गेली? बदली झाली व्हय? कुटं?"

मी औषधाच्या बाटल्यांकडं बघत होतो.

"वारली, सावकार. गिरिजा वारली."

नुसती तारेची घरघर ऐकू येत राहिली. मग ते म्हणाले, "काय झालं हुतं?"

"कॅन्सर. तीन वर्षं होता."

"तीन वर्षं? म्हंजे मागं माझ्या नातवाच्या बारशाचा निरोप त्यांनीच लावून दिला विजापूरला, तवाबी?"

"तेव्हाही."

"यप्पा," म्हातारा म्हणाला. "कदी कळलं न्हाई बगा. आवाजात कायच न्हवतं."

 मग त्यांनी विचारलं, "मी त्यास्नी बगितलं न्हाई कदी. कशा दिसायच्या हो?"

गिरिजा, मला हे कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. जे आले ते सगळे तुला बघितलेलेच होते. मी त्या परक्या माणसाला सांगायला लागलो. माझ्या खांद्याएवढी उंच. सावळी. पुढच्या दोन दातांत थोडी फट, म्हणून हसताना तोंडावर हात न्यायची. केस लांब होते, नंतर गेले. उजवा हात सुजायचा म्हणून वायर डाव्या हातानं लावायची. दुकानात औषध घ्यायला आलेली माणसं थांबून ऐकत होती. मला लाज वाटली नाही.

"डाव्या हातानं," म्हातारा हळूच म्हणाला.

मग मीही त्यांना विचारलं. जे मला इतकी वर्षं विचारायचं होतं आणि ज्याचा मला इतका राग होता.

"सावकार, तुमच्याशी ती काय बोलायची?"

ते आठवत राहिले. "आमच्याशी काय बोलणार?" म्हणाले. "स्वल्प तडीरी म्हणायच्या. जरा थांबा. मग लाइन मिळायची, न्हाई तर न्हाई मिळायची. तेवडंच की." आणि मग म्हणाले, "पर अक्कांनी थांबा म्हटलं का मी थांबायचो बगा. फोन कानाला लावूनच. दुसरं काय करू नये वाटायचं."

मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. ट्रंक कॉलची तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली असतील. राजम्मानं लाइन तोडली नाही.